ठाणे ते एव्हरेस्ट बेस कॅम्प: कुठला दिवस किती अवघड, आणि बाकीच्या ट्रेकशी तुलना

ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेकरला 'अवघड' म्हणजे काय ते सह्याद्रीने शिकवलेलं असतं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, अलंगचा कडा, कारवीच्या रानातला मातीचा घसारा. या मापाने पाहिलं तर एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर अवघड काहीच सापडत नाही. वाट मळलेली आणि रुंद, दर दोन तासांवर चहा मिळतो, रात्री डोक्यावर छप्पर असतं आणि दोर लावावा असा एकही टप्पा नाही. तरीही सह्याद्रीत दणादण चालणारी तरणीताठी मंडळी या वाटेवर अर्ध्यातून परत फिरतात आणि त्यांच्या मागून सावकाश आलेले साठीचे काका बेस कॅम्पला पोचतात.

ट्रेकिंग कंपन्या सोपा, मध्यम, अवघड अशा पाट्या लावतात, पण त्यांना सगळ्यांनी मानलेलं असं एक माप नाही. एकीचा 'मध्यम' दुसरीचा 'अवघड' असतो. स्विस आल्प्समध्ये टी१ ते टी६ अशी श्रेणी वापरतात, पण ती वाट किती बिकट आहे तेवढंच सांगते, हवा किती विरळ आहे ते सांगत नाही. म्हणून खाली प्रत्येक दिवसाच्या चढ-अंतरासोबत रात्री किती उंचीवर झोपायचं तोही आकडा दिला आहे. आमच्या मते कुठलाही उंचीवरचा ट्रेक जोखायचा तर आधी हाच आकडा पाहावा.

निघण्यापूर्वी

सरावाला घराजवळ जागा भरपूर आहेत. ठाण्यात येऊरचा रस्ता आणि मामाभांजेच्या पायऱ्या, नवी मुंबईत पारसिक हिल आणि खारघरची टेकडी. तेही जमत नसेल तर सोसायटीचा जिना. एक मजला साधारण तीन मीटर धरला तर २० मजले म्हणजे ६० मीटर, आणि दहा फेऱ्या म्हणजे ६०० मीटर चढ. पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन हे आठवड्यातून दोनदा, तीन महिने. उतरताना लिफ्ट घेऊ नका, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते. महिन्यातून एकदा शेवटची कसारा लोकल पकडून कळसूबाई करावं. बारी गावातून वर जायला आठशे मीटरच्या आसपास चढ आहे आणि नामचेच्या दिवसाची तालीम त्याहून चांगली दुसरीकडे होत नाही.

एक गोष्ट मात्र इथे राहून जमत नाही, ती म्हणजे विरळ हवेची सवय. ठाणे समुद्रसपाटीला आणि कळसूबाई १६४६ मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त असतो. बेस कॅम्पला, ५३६४ मीटरवर, तो निम्म्याच्या जेमतेम वर असतो. मॅरेथॉन पळणाऱ्याला यात कुठलीही सूट नाही. उलट त्याचे पाय भराभर चालतात आणि शरीर हवेला सरावायच्या आत तो वर पोचतो.

विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार कार्ड चालत नाही. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी १६० होतात, हा दर ठरलेला आहे. विमा घेताना उंचीची मर्यादा वाचा. हेलिकॉप्टरची सुटका ६००० मीटरपर्यंत धरलेली आहे असं लेखी हवं.

पहिला दिवस: काठमांडू ते लुक्ला ते फाकडिंग (झोप २६१० मीटर)

गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमानं बहुतेक वेळा काठमांडूऐवजी मंथलीहून, म्हणजे रामेछापहून सुटतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर गाडीने निघून चार-पाच तासांचा घाटरस्ता पार करावा लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी रात्री पोटभर जेवू नये. सामानाची मर्यादा हातातली सॅक धरून १५ किलो. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि चढावर बांधलेली आहे. दुपारी वारा आणि ढग येतात म्हणून उड्डाणं सकाळीच उरकतात, आणि एक सकाळ ढगाळ गेली तर पुढच्या सगळ्या दिवसांची रांग लांबते.

लुक्ला २८४५ मीटरवर. तिथून आठ किलोमीटर, तीन तास, एकूण उतारच. हा सोपा दिवस लोक वाया घालवतात. ज्यांच्या पायात जोर आहे त्यांनी आणखी दोन-अडीच तास चालून मोंजोला, २८३५ मीटरवर मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशीची झोपेची उडी त्याने सव्वादोनशे मीटरने कमी होते.

खेचरांचे आणि ओझ्याच्या इतर जनावरांचे तांडे इथूनच सुरू होतात. घंटा ऐकू आली की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. जनावराच्या दोन्ही अंगांना सिलिंडर किंवा पोती बांधलेली असतात. त्याला स्वतःची रुंदी कळत नाही आणि धक्का लागला तर माणूस सरळ खाली जातो. पुलावर तांडा चढलेला दिसला तर तो पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं.

दुसरा दिवस: फाकडिंग ते नामचे बझार (झोप ३४४० मीटर)

दहा-अकरा किलोमीटर, सहा-सात तास. मोंजोला सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना दाखवायचा. पुढे दूधकोशीवरचा उंच झुलता पूल ओलांडला की सलग सहाशे मीटरचा चढ लागतो. पाइनच्या झाडीतून नागमोडी, धुळीचा.

उंचीच्या आकड्यांत हा कळसूबाईहून थोडा कमीच. पण कळसूबाईच्या वेगाने चढलात तर संध्याकाळी नामचेत डोकं ठणकणार. वेग कसा ठरवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं तर वेग जास्त झाला. चढ तीव्र असेल तिथे एका पावलाला एक श्वास आत, पुढच्याला बाहेर. दर दहा मिनिटांनी बसायचं आणि पुन्हा सुसाट निघायचं, ही सह्याद्रीतली सवय इथे मोडावी लागते. न थांबता, कंटाळा येईल इतकं हळू चालायचं.

३००० मीटरच्या वर रोज झोपेची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम. फाकडिंगहून नामचे म्हणजे ८३० मीटरची उडी. हिचा जवळजवळ निम्मा भाग तीन हजारांच्या खाली असल्यामुळे आणि नामचेत दोन रात्री असल्यामुळे ती पचते.

आता याची तुलना सिक्कीमच्या गोएचा ला या खिंडीच्या ट्रेकशी करा. ३०५० मीटरच्या त्शोकाहून ४०२० मीटरच्या झोंगरीला एका दिवसात जवळजवळ हजार मीटर वर जाऊन तिथेच झोपायचं, आणि ही उडी सगळी तीन हजारांच्या वरची. गोएचा लाची शेवटची उंची बेस कॅम्पपेक्षा कमी, वाटही देखणी, पण त्या एका रात्री आजारी पडण्याचा धोका नामचेपेक्षा जास्त. झोंगरीला एक जादा रात्र नसलेला कार्यक्रम कोणी विकत असेल तर घेऊ नये.

तिसरा दिवस: नामचेत मुक्काम

नाव विश्रांतीचं, पण दिवसभर लोळायचं नाही. सकाळी स्यांगबोचेवरून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत, ३८८० मीटर, चढून तासभर थांबायचं आणि जेवायला खाली. जमलं तर खुमजुंगला जाऊन यावं. तिथली शाळा हिलरींनी १९६१ मध्ये सुरू केली. उंच चढून खाली झोपलं की शरीर लवकर सरावतं.

हिमाचलचा हंप्ता पास इथे आठवायला हवा, कारण ठाण्यातून पहिला हिमालयीन ट्रेक म्हणून बरेच जण तो निवडतात. खिंड फक्त ४२७० मीटर आणि पाट्यांवर 'सोपा ते मध्यम'. झोपेचे आकडे मात्र असे: मनाली २०५०, चिका ३१००, बालू का घेरा ३६००, शिया गोरू ३९००. मध्ये एकही विश्रांतीचा दिवस नाही. मनालीत उतरून दुसऱ्या सकाळी चालायला लागलेला माणूस चौथ्या रात्री ३९०० मीटरवर तंबूत असतो. बेस कॅम्पच्या वाटेवर तेवढ्याच उंचीला तो नामचेत दोन रात्री काढून पोचतो, शिवाय तिथे खोली आणि चुलीची ऊब असते. शिया गोरूच्या गार पाण्यातून पलीकडे जावं लागतं ते वेगळंच. आमचा सल्ला असा, की हंप्ताला मनालीत दोन रात्री काढाव्यात.

लडाखचं गणित तर आणखी कडक. मुंबईहून विमानाने लेहला उतरलात की पहिलीच झोप ३५०० मीटरवर. तिथे पहिले दोन दिवस खोलीतून फारसं हलू नये.

चौथा दिवस: नामचे ते तेंगबोचे (झोप ३८६० मीटर)

दहा किलोमीटर, पाच-सहा तास. अर्धी वाट डोंगराच्या अंगाने सपाट. मग मिळवलेली उंची घालवत ३२५० मीटरच्या फुंकी तेंगाला नदीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा सहाशे मीटर चढायचं. पायांना हा दिवस नामचेइतकाच जड. झोपेची उंची मात्र चारशेनेच वाढते, म्हणून डोक्याला हलका.

उतरून पुन्हा चढण्याचा विषय निघालाच आहे तर अन्नपूर्णा बेस कॅम्पचं सांगायला हवं. ४१३० मीटर, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पपेक्षा बाराशे मीटर खाली. फुप्फुसांना तो बराच सोपा, गुडघ्यांना बराच जड. छोमरोंगला दगडी पायऱ्यांनी खोल उतरून पलीकडे तेवढंच चढायचं आणि परतीला हेच उलट. ज्यांच्या गुडघ्यांची तक्रार आहे त्यांना एव्हरेस्टची वाट बरी, हे ऐकून लोक चकित होतात. अन्नपूर्णेचा खरा धोका देउरालीच्या आसपासच्या अरुंद घळीत आहे. वरच्या उतारांवरून हिमकडे सुटतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तो पट्टा सकाळी लवकर पार करतात आणि ताज्या बर्फानंतर थांबतात.

पाचवा दिवस: तेंगबोचे ते डिंगबोचे (झोप ४४१० मीटर)

पांगबोचेनंतर झाडं संपतात. इथून पुढे दुपारी वारा सुटतो आणि कोरड्या थंड हवेने घसा सोलवटतो. या खोकल्याला तिकडे खुंबू खोकलाच म्हणतात. नाका-तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ठेवून चाललं तर श्वासाची वाफ आत अडते आणि घसा ओला राहतो. हा उपाय पहिल्या दिवसापासून करायचा, खोकला सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

पाणी दिवसाला तीन ते चार लिटर. क्लोरीनची गोळी टाकली की अर्धा तास थांबावं, आणि पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर.

सहावा दिवस: डिंगबोचेत मुक्काम

मागच्या टेकडीवर ४८०० मीटरपर्यंत जाऊन यायचं आणि दुपारी स्वतःची तपासणी करायची. संपूर्ण ट्रेकमध्ये हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा आहे असं आम्हाला वाटतं, कारण इथे घेतलेला निर्णय स्वस्तात पडतो. पुढे लोबुचेत तोच निर्णय रात्री, अंधारात, बर्फात घ्यावा लागतो.

डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मेलेली, थकवा, चक्कर या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्या. डोकेदुखी आहे आणि बेरीज तीन किंवा जास्त आली, तर ती विरळ हवेची बाधा समजायची. पित्त झालंय, ऊन लागलंय, झोप झाली नाही, अशी कारणं शोधत बसायचं नाही. बाधा असेल तोवर वर जायचं नाही, आणि वाढली तर खाली.

दुसरी चाचणी पायांची. लॉजच्या जेवणघरात लाकडी फळ्यांची जमीन असते. दोन फळ्यांमधल्या सांध्यावर, मागच्या पावलाच्या अंगठ्याला पुढच्या पावलाची टाच टेकवत, दहा पावलं चालायला लावायचं. निरोगी माणूस थकलेला असला तरी जातो. जो सांध्यावरून बाजूला झुकतो, हात पसरून तोल सावरतो किंवा वळताना भेलकांडतो, त्याच्या मेंदूवर सूज यायला लागली आहे. त्याला त्याच रात्री, सोबत घेऊन, खाली न्यायचं. सकाळची वाट पाहायची नाही. बसल्या जागी धाप लागणं, छातीत खुळखुळ, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही फुप्फुसात पाणी झाल्याची खूण. उपाय तोच, आणि या रुग्णाला शक्यतो चालवू नये, उचलून किंवा घोड्यावरून उतरवावं. जवळच्या पेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, तो दोन्ही हंगामांत उघडा असतो.

ऑक्सिमीटरवर फार भिस्त ठेवू नका. गार बोटाला तो खोटा आकडा दाखवतो. बोट काखेत मिनिटभर ऊब घेऊन मग लावा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. बोटाला गडद नेलपॉलिश असेल तरी घोळ होतो. या उंचीवर ऐंशीच्या घरातला आकडा पाहून घरी फोन करून घबराट पसरवायचं कारण नाही. आकडा बरा आहे पण माणूस झोकांड्या खातोय, तर माणसावर विश्वास ठेवायचा.

डायमॉक्स या विरळ हवेच्या बाधेवरच्या गोळीची प्रतिबंधक मात्रा साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते, पण ती ठाण्यातच आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावं. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त होते, त्याने घाबरू नये.

सातवा दिवस: डिंगबोचे ते लोबुचे (झोप ४९४० मीटर)

आठ किलोमीटर. थुकलापर्यंत मोकळं पठार, मग खुंबू हिमनदीच्या टोकाशी साचलेल्या दगडधोंड्यांचा दोनशे मीटरचा खडा चढ. वर एव्हरेस्टवर आणि आसपासच्या शिखरांवर जीव गमावलेल्यांची स्मारकं आहेत. प्रसिद्ध गिर्यारोहक बाबू छिरी शेर्पांचंही इथेच आहे. लोबुचेची रात्र वाईट जाते. झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि दचकून जाग येते. हे बहुतेकांना होतं आणि त्यात धोका नाही. फोन, पॉवर बँक आणि हेडलॅम्पचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, बाहेर ठेवले तर सकाळी मेलेले असतात.

इथून पश्चिमेला चो ला ओलांडून गोक्योला जाता येतं. ५४२० मीटरच्या त्या खिंडीत बर्फाचा टप्पा आहे, मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे खिळे) लागतात आणि पहाटे दगड गोठलेले असतात. कोंग्मा ला ५५३५ आणि रेंजो ला ५३६० धरून तीन खिंडींचा जो ट्रेक होतो, तो या सगळ्यांत आमच्या मते अवघड. उंची बेस कॅम्पइतकीच, पण खिंडीच्या दिवशी मध्ये लॉज नाही, आणि हवा बिघडली तर परत फिरायलाही अर्धा दिवस जातो.

आठवा दिवस: लोबुचे, गोरकशेप, बेस कॅम्प आणि परत गोरकशेप (झोप ५१६४ मीटर)

बारा-तेरा किलोमीटर, सात-आठ तास. चढ आकड्यात मामुली, पण हिमनदीच्या काठावरच्या सैल दगडांतून सतत वर-खाली होतं. गोरकशेपला जेवून, सॅक ठेवून, दीड-दोन लिटर पाणी आणि जाड जॅकेट घेऊन पुढे जायचं. दुपारी दोनच्या पुढे बेस कॅम्पवर रेंगाळू नये, सूर्य डोंगराआड गेला की थंडी झपाट्याने पडते. जेवण घशाखाली उतरत नाही. डाळभात, लसणाचं सूप, उकडलेले बटाटे यावर भर द्यावा. घरून आणलेला डिंकाचा लाडू आणि लसणाची चटणी इथेच कामी येते, म्हणून नामचेतच संपवू नका.

नववा दिवस: काला पत्थर आणि खाली पेरिचे

पहाटे साडेचारला निघून गोरकशेपमागच्या काला पत्थर टेकडीवर ५५४५ मीटरपर्यंत चारशे मीटर चढ. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे उणे दहा ते उणे पंधरा सहज असतं आणि वर वारा. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, बाटली जॅकेटच्या आत ठेवावी. वीस पावलं, थांबा, वीस पावलं, इतकाच वेग मिळतो. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, इथून दिसतं, म्हणून एकच करायचं तर हेच करावं.

अन्नपूर्णा सर्किटवरची थोरोंग ला, ५४१६ मीटर, या चढाशी जुळणारी. पण काला पत्थरवर हवा फिरली तर तासाभरात लॉजमध्ये येता येतं. थोरोंगला पहाटे पायथ्याच्या फेदीहून निघून सुमारे नऊशे मीटर चढायचं आणि पलीकडे मुक्तिनाथला सोळाशे मीटर उतरायचं, हे सगळं एका दमात. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याचा उरलेला पाऊस त्या खिंडीत बर्फ होऊन कोसळला. त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. ऑक्टोबरात नेपाळला जाणाऱ्याने बंगालच्या उपसागरातल्या वादळाची बातमी पाहावी. तिकडे वादळ उठलं असेल तर खिंड दोन दिवस लांबवावी.

दहावा आणि अकरावा दिवस: पेरिचे ते नामचे, नामचे ते लुक्ला

वीस आणि अठरा-एकोणीस किलोमीटर. श्वास मोकळा होतो, पाय बोलायला लागतात. नखं ट्रेकच्या दोन दिवस आधी कापलेली असावीत आणि उतारावर बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधाव्यात. नाही तर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. फुंकी तेंगाचा चढ परतीलाही आहे, आणि लुक्लाच्या आधीचा शेवटचा तासही चढाचा. तो कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

बारावा दिवस: लुक्लाहून विमान

हवा चांगली असेल तर. म्हणूनच काठमांडूहून मुंबईचं तिकीट काढताना मध्ये दोन मोकळे दिवस ठेवावेत, आणि सोमवारी ऑफिसला येतो असं कोणाला सांगू नये.